भविष्यकाळाचा पोषाख शिवणाऱ्या मोरोयोबाई

एखाद्या लग्नाच्या पंगतीचें वर्णन करावयाचें झालें म्हणजे तें जेवून उठलेले लोक करतात. चुलीपुढें बसून ज्यांनीं स्वयंपाक रांधला त्यांना तें करण्यास सवड नसते, आणि पुष्कळदां त्यांना कोणी विचारीतही नाहीं. मंडळें, सभा, संमेलनें आणि चळवळी यांचे इतिहास बहुधा याच रीतीनें लिहिले जातात. व्यासपीठावरून कोण बोललें, कोणाचें कोणाशीं बिनसलें, कोणी फुटून निराळा पक्ष काढला, हें सारें तपशीलवार नोंदलें जातें. पण आदल्या रात्रीं जागून सभेची तयारी कोणीं केली हें नोंदण्याची चाल नाहीं. पुढें केव्हां तरी तें काम करणारें माणूस हें जग सोडून जातें, आणि त्याचा एखादा स्नेही लेखणी हातीं घेतो. त्या स्नेह्यानें लिहिलेल्या आठवणी हाच मग इतिहासाचा मुख्य साक्षीदार ठरतो. असा साक्षीदार कितपत भरंवशाचा असतो, आणि त्याच्या साक्षीवरून गेलेल्या माणसाचें मूल्य किती ठरवितां येतें, हा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्यासाठीं घेतलेलें उदाहरण अमेरिकेंतील एका बाईंचें आहे. त्यांचें नांव मर्टल डग्लस. पण ज्या मंडळींत त्या वावरल्या तेथें त्यांना सारे 'मोरोयो' म्हणत.

ही मंडळी म्हणजे विज्ञानकथांच्या चाहत्यांची. इंग्रजींतील 'फॅन' हा शब्द 'वेडाच्या भरीं गेलेला' या अर्थाच्या जुन्या शब्दाचें लहान रूप आहे. नटाचा, खेळाडूचा किंवा गवयाचा चाहता कोठेंही आढळतो. परंतु विज्ञानकथांच्या चाहत्यांनीं या शब्दाला जवळ जवळ संप्रदायाचा अर्थ दिला. कथा आवडली म्हणून पुस्तक मिटून स्वस्थ बसावयाचें नाहीं. तीच कथा आवडलेलीं दुसरीं माणसें शोधून काढावयाचीं, त्यांना पत्रें लिहावयाचीं, पदरचे पैसे खर्चून पत्रिका काढावयाची, आणि वर्षांतून एकदां कोठें तरी सर्वांनीं जमावयाचें, असा त्यांचा आचारधर्म. या साऱ्या समुदायाला ते 'फॅनडम' म्हणतात. आपण सोयीसाठीं त्याला रसिकमंडळ म्हणूं.

या रसिकमंडळाचा जन्म एका साध्या संपादकीय युक्तींतून झाला. मूळचे लक्झेंबर्गचे आणि पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेले ह्यूगो गर्न्सबॅक यांनीं १९२६ च्या एप्रिलमध्यें 'अमेझिंग स्टोरीज' नांवाचें मासिक सुरू केलें. केवळ विज्ञानकथांना वाहिलेलें असें तें पहिलें इंग्रजी मासिक. त्यांत वाचकांचीं पत्रें छापीत, आणि पत्राखालीं लिहिणाराचा पुरा पत्ता देत. चंद्रावर जाण्याच्या गोष्टी वाचतो म्हणून घरांत व शाळेंत ज्याची चेष्टा होई, अशा लहान गांवांतल्या मुलाला या पत्त्यांवरून प्रथमच कळलें कीं, आपल्यासारखे वेडे आणखीही आहेत. तो संपादकाला लिहिण्याऐवजीं परस्पर त्या पत्त्यावर लिहूं लागला. पत्रांतून ओळखी झाल्या, ओळखींतून क्लब निघाले, आणि १९३० सालीं या हौशी मंडळींची स्वतःची पहिली पत्रिका 'द कॉमेट' बाहेर पडली. १९३४ सालीं गर्न्सबॅक यांनींच 'सायन्स फिक्शन लीग' नांवाची संस्था काढून गांवोगांवच्या शाखांना क्रमांक दिले. लॉस एंजेलिसची शाखा चौथी. ती मूळ संस्था लवकरच मोडली. ही शाखा मात्र स्वतंत्र होऊन पुढें कितीतरी दशकें चालली. तिच्या सभा त्या काळीं क्लिफ्टन्स नांवाच्या उपाहारगृहांत गुरुवारीं भरत. तरुण सभासदांपैकीं पुष्कळांचे खिसे रिकामे असत. एक पेला पेय पुढें घेऊन मंगळावरील वस्तीच्या गप्पा मारण्यास तेवढी जागा पुरे होती.

याच वर्तुळांत मोरोयोबाईंचा प्रवेश झाला, आणि तोही एका निराळ्याच दारानें. १८८७ सालीं डॉ. झामेनहोफ यांनीं 'एस्परान्तो' ही कृत्रिम भाषा जगापुढें मांडली. ती सर्व राष्ट्रांची समान दुसरी भाषा व्हावी, म्हणजे भाषाभेदांतून उद्भवणारीं वैरें मिटतील, ही त्यांची आशा. लॉस एंजेलिसमध्यें या भाषेचा अभ्यास करणाऱ्या मंडळींत फॉरेस्ट ॲकरमन हे १९१६ सालीं जन्मलेले तरुण गृहस्थ होते. विज्ञानकथांचीं मासिकें जमविण्याचा त्यांना लहानपणापासून नाद. एस्परान्तोच्याच निमित्तानें त्यांची आणि मर्टल डग्लस यांची ओळख झाली. 'मोरोयो' हें त्यांचें टोपणनांवही एस्परान्तोच्याच वळणाचें आहे. भविष्यकाळाच्या कथा आणि भविष्यकाळाची भाषा हे दोन्ही छंद एकाच मनांत सुखानें नांदूं शकतात, हें सहज ध्यानीं येण्यासारखें आहे. ज्याला आजच्या जगापेक्षां उद्यांचें जग अधिक शहाणें असेल असें वाटतें, तो त्या जगाचीं यंत्रेंही कल्पितो आणि त्याचें व्याकरणही घोकतो.

मोरोयोबाईंचा जन्म १९०४ सालचा. म्हणजे १९३९ सालीं त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. ॲकरमन त्या वेळीं बावीस वर्षांचे, आणि त्याच क्लबांत येणारे रे ब्रॅडबरी तर अवघे अठरा वर्षांचे. रसिकमंडळांत तेव्हां बहुतेक भरणा अशा पोरसवदा तरुणांचा होता. स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांत एका प्रौढ बाईनें यावें, बरोबरीच्या नात्यानें बोलावें, पत्रिकेची संपादिका म्हणून नांव लावावें, ही गोष्ट त्या काळच्या मानानें लहान नव्हती.

१९३७ च्या ऑक्टोबरांत लॉस एंजेलिसच्या मंडळींनीं 'इमॅजिनेशन!' नांवाची पत्रिका सुरू केली. ॲकरमन, मोरोयोबाई आणि ब्रूस यर्की हे तिचे संपादक. तिचे अवघे १३ अंक निघाले. पण १९३८ च्या जानेवारीच्या अंकांत ब्रॅडबरी यांची एक कथा छापली गेली, आणि तीच त्यांची पहिली प्रसिद्ध झालेली विज्ञानकथा होय. पुढें ज्यांचीं पुस्तकें जगभर वाचलीं गेलीं त्या लेखकाचें पहिलें पान एका घरगुती यंत्रावर निघालें होतें. ती पत्रिका बंद पडल्यावर १९३९ पासून ॲकरमन आणि मोरोयोबाई या दोघांनीं मिळून 'व्हॉइस ऑफ दि इमॅजि-नेशन' काढलें. नांवांतील आडव्या रेघेंत श्लेष आहे: कल्पना, आणि कल्पनेचें राष्ट्र. त्या कल्पनाराष्ट्राच्या नागरिकांचीं पत्रें छापणें हेंच या पत्रिकेचें काम. १९४७ पर्यंत तिचे ५० अंक निघाले.

पन्नास अंक या शब्दांमागें किती हातमेहनत आहे तें आज सांगितल्याशिवाय कळणार नाहीं. ही पत्रिका छापखान्यांत छापीत नसत, मिमिओग्राफवर काढीत. मेणाचा लेप दिलेला एक कागद टंकलेखन यंत्रावर चढवावयाचा, यंत्राची शाईची फीत बाजूला सारावयाची, आणि कोऱ्या ठशांनीं त्या मेणावर अक्षरें कोरावयाचीं. एखादें अक्षर चुकलें तर त्यावर खास द्रव्याचा ठिपका देऊन, तो वाळेपर्यंत थांबून, पुन्हां ठोकावयाचें. असा कोरलेला कागद पिंपासारख्या रुळावर ताणून बसवीत. आंतून शाई झिरपे, मुठीनें रूळ फिरवीत, आणि दर फेऱ्याला एक पान बाहेर येई. शाई वाळली नसेल तर एका पानाचा डाग दुसऱ्याच्या पाठीवर उठे. सारीं पानें निघालीं म्हणजे तीं मेजावर ओळीनें मांडून, एकेक उचलून अंक लावावयाचा, टांचावयाचा, पत्ता लिहावयाचा, तिकीट चिकटवावयाचें. पत्रें छापणाऱ्या पत्रिकेंत तर हें काम दुप्पट; कारण दुसऱ्याच्या हस्ताक्षरांतील मजकूर आधीं वाचावा लागे, आणि कापावा कोठें हेंही ठरवावें लागे. आपल्याकडे घरोघर व शाळांतून जीं हस्तलिखित मासिकें निघत, तीं ज्यांनीं काढलीं असतील त्यांना या श्रमाची गोडी आणि कटकट दोन्ही ठाऊक असतील. त्यांत पैसा मिळत नसे. अंकाच्या मोबदल्यांत पत्र येई, आणि तेवढ्यावर पुढचा अंक निघे.

आतां १९३९ च्या त्या प्रसिद्ध प्रसंगाकडे वळूं. त्या वर्षीं न्यूयॉर्कला 'उद्यांचें जग' या कल्पनेवर उभारलेलें मोठें जागतिक प्रदर्शन भरलें होतें. त्याचें निमित्त साधून २ ते ४ जुलै या तीन दिवसांत रसिकमंडळानें कॅरॅव्हॅन हॉल या सभागृहांत आपलें पहिलें जागतिक संमेलन भरविलें. सुमारें २०० माणसें जमलीं. 'अमेझिंग स्टोरीज'चीं रंगीत मुखपृष्ठें रंगविणारे चित्रकार फ्रँक पॉल हे सन्मान्य पाहुणे. ॲकरमन आणि मोरोयोबाई सारें खंड ओलांडून लॉस एंजेलिसहून आले. ब्रॅडबरी यांनाही यावयाचें होतें, पण हातांत पैसा नव्हता. तो ॲकरमन यांनीं दिला.

सभागृहांत सारे कोट-पाटलोण घालून बसलेले असतां हीं दोघें मात्र पंचविसाव्या शतकांतून उतरल्यासारखीं आलीं. ॲकरमन यांच्या अंगांत हिरवा झगा आणि फुगीर विजार. मोरोयोबाईंचाही वेष त्याच थाटाचा. एच्. जी. वेल्स यांच्या ग्रंथावरून १९३६ सालीं निघालेला 'थिंग्ज टु कम' हा चित्रपट, आणि फ्रँक पॉल यांचीं चित्रें, यांवरून हे पोषाख बेतले होते. त्या चित्रपटाच्या अखेरच्या भागांत २०३६ सालचें शहर दाखविलें आहे. युद्धानें उद्ध्वस्त झालेलें जग पुन्हां उभारून तेथील माणसें चंद्राकडे झेंप घेण्याच्या तयारींत आहेत. त्या नागरिकांसारखा वेष करून रस्त्यानें चालतांना न्यूयॉर्कचीं पोरें आपल्याला चित्रकथांतल्या वीरांच्या नांवानें हांका मारीत होतीं, असें ॲकरमन पुढें मोठ्या आनंदानें सांगत.

संमेलनाला वेष धारण करून जाण्याची चाल येथून सुरू झाली. दुसऱ्या वर्षीं शिकागोच्या संमेलनांत वेषधाऱ्यांचा मेळावाच भरला, आणि या दोघांनीं त्या चित्रपटांतील एक प्रवेश करून दाखविला. १९४१ सालीं डेन्व्हर येथें मोरोयोबाई बेडकाचा मुखवटा घालून आल्या. ए. मेरिट यांच्या 'द मून पूल' या कादंबरींत अक्का नांवाचे बेडूकलोक आहेत, त्यांचें तें रूप. आणि मुखवटा करणारा मुलगा म्हणजे पुढें चित्रपटांतील हालत्या पुतळ्यांच्या करामतीनें नांवारूपास आलेले रे हॅरीहाउसेन. आज जगांतील अनेक शहरांतून तरुण मंडळी आपल्या आवडत्या कथांतील पात्रांचे वेष घेऊन जमतात. त्याला 'कॉसप्ले' म्हणतात. हा शब्द १९८० नंतरच्या दशकांत जपानांत रूढ झाला. शब्द जपानचा, पण चालीचें मूळ शोधूं गेलें तर तें १९३९ च्या जुलैपाशीं येऊन थांबतें.

येथेंच आपला मुख्य प्रश्न उपस्थित होतो. या चालीचा आरंभ कोणीं केला असें विचारलें तर कितीतरी वर्षें एकच नांव सांगितलें जाई: ॲकरमन. त्याचें कारण उघड आहे. ॲकरमन पुढें मोठे प्रसिद्ध पुरुष झाले. 'साय-फाय' हा आज सर्वतोमुखीं असलेला शब्द त्यांनीं १९५४ सालीं प्रचारांत आणला. १९५८ पासून भयपटांवरील एका मासिकाचें संपादन केलें. घरांत मासिकें, चित्रें, मुखवटे यांचा प्रचंड संग्रह करून तो आल्यागेल्याला हौसेनें दाखविला. २००८ सालीं ते वारले तेव्हां त्यांच्या कर्तृत्वांत या पहिल्या वेषाचीही गणना झाली. पण तो वेष कापला कोणीं, बेतला कोणीं, शिवला कोणीं? स्वतःचाच नव्हे, तर ॲकरमन यांचाही पोषाख मोरोयोबाईंनींच तयार केला होता. ज्या हिरव्या झग्यानें एक माणूस प्रसिद्धीस चढला त्याचा टांका न् टांका दुसऱ्याच हातचा होता.

रसिकमंडळाचे इतिहास लिहिले गेले नाहींत असें नाहीं. त्या पहिल्या संमेलनाचे एक पुढारी सॅम मॉस्कोविट्झ यांनींच 'दि इम्मॉर्टल स्टॉर्म' नांवाचा जाड ग्रंथ लिहिला. १९५४ सालीं तो पुस्तकरूपानें निघाला. त्यांत रसिकमंडळांतल्या भांडणांचा पाढा आहे. कोणत्या क्लबांत कोणाचें बहुमत होतें, कोणत्या पत्रकानें कोण दुखावलें, आणि संमेलनाच्या दारांत फ्यूचरियन नांवाच्या गटांतील सहा जणांना कसें अडविण्यांत आलें, हें त्यांत कुरुक्षेत्राच्या गांभीर्यानें सांगितलें आहे. हें भांडणही अगदीं क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं. कारण त्या सहा जणांत फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लुथ, डोनाल्ड वुलहाइम अशीं पुढें नांवाजलेलीं माणसें होतीं, आणि त्याच गटांतले आयझॅक ॲसिमॉव्ह मात्र सुरळीत आंत जाऊन बसले होते. इतिहासकाराला अशा गोष्टींचा मोह पडावा हें स्वाभाविक आहे. भांडणाला आरंभ असतो, मध्य असतो, जय आणि पराजय असतो; त्याची गोष्ट आपोआप तयार होते. शिवणाची गोष्ट होत नाहीं. दोनशें माणसांच्या सभेंत झालेल्या वादाचे परिणाम दहापांच वर्षांत विरून गेले, आणि दोन पोषाखांनीं घातलेली चाल ८० वर्षांहून अधिक काळ टिकली. तरीही जुन्या ग्रंथांत जागा मिळाली ती वादाला.

युद्धाच्या काळांत तर या न दिसणाऱ्या कामाची खरी कसोटी लागली. १९४२ ते १९४५ पर्यंत जागतिक संमेलन भरूं शकलें नाहीं. तरुण सभासद एकामागून एक सैन्यांत गेले. ॲकरमन यांनाही जावें लागलें. लॉस एंजेलिसजवळच्याच फोर्ट मॅकार्थर या ठाण्यावर ते लष्करी वृत्तपत्राचें काम पाहत होते. अशा वेळीं रसिकमंडळाला एकत्र ठेवणारी गोष्ट म्हणजे पत्रें, आणि पत्रें छापणारी पत्रिका बंद पडली नाहीं. छावणींतल्या शिपायाला दुसऱ्या टोंकाला असलेल्या मित्राची खबर तिच्या पानांतून मिळत राहिली. 'उद्यांचें जग' या नांवाच्या प्रदर्शनांत भविष्याचा वेष घालून हिंडल्यावर दोनच महिन्यांनीं युरोपांत युद्ध पेटलें होतें. ज्या चित्रपटावरून तो वेष घेतला होता त्यांत आधीं महायुद्धाचा विध्वंस आणि मग नवें जग असा क्रम आहे. पहिला भाग आतां सत्यांत उतरत होता. दुसऱ्यावरील श्रद्धा टिकविण्याचें काम टंकयंत्रापुढें बसलेल्या माणसांकडे आलें होतें.

पुढें ॲकरमन आणि मोरोयोबाई यांचे मार्ग निराळे झाले. दोन माणसांच्या स्नेहांत अंतर कां पडलें याचा शोध परक्यांनीं घेऊं नये हें बरें. १९४७ सालीं पत्रिका थांबली. १९६४ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या साठाव्या वर्षीं, मोरोयोबाई निवर्तल्या. त्यानंतर ॲकरमन यांनीं त्यांच्या आठवणी लिहिल्या. शीर्षक अगदीं साधें: 'मला मोरोयो आठवते' एवढ्याच अर्थाचें.

हें शीर्षक लक्ष देऊन वाचण्यासारखें आहे. त्यांत 'मला' आहे, आणि 'मोरोयो' आहे. स्मरणलेखाचें सारें बळ आणि सारी उणीव या दोन शब्दांत सांठविलेली असते. बळ असें कीं, ज्याला ठाऊक होतें त्यानें सांगितलें. ते पोषाख कोणीं शिवले हें ॲकरमन यांनीं लपविलें नाहीं. तें श्रेय त्यांनीं स्वतः वारंवार मोरोयोबाईंना दिलें. ज्याच्या कीर्तींत वांटेकरी निर्माण होणार होता त्यानेंच तो वांटा कबूल केला, ही साक्ष न्यायालयांतही ग्राह्य धरली जाईल. त्यांनीं तें सांगितलें नसतें तर एका जुन्या छायाचित्रांतील झगा घातलेली बाई एवढीच मोरोयोबाईंची ओळख कदाचित् उरली असती.

उणीव अशी कीं, स्नेही आपल्या आठवणी लिहूं लागला म्हणजे गेलेलें माणूस त्याच्या कथेंतलें पात्र होतें. तो जेथें होता तेवढ्याच ठिकाणीं तें माणूस दिसतें. त्याच्या पाठीमागें तें काय करीत होतें, एकटें असतां कशाचा विचार करीत होतें, हें त्या लेखांत येऊं शकत नाहीं. मोरोयोबाईंच्या बाबतींत तर ही अडचण अधिकच आहे, कारण त्यांचें नांव जेथें जेथें येतें तेथें तें बहुधा 'ॲकरमन आणि' या शब्दांच्या मागून येतें. बायकोची, बहिणीची, सहकारिणीची आठवण 'त्याच्या' चरित्राच्या तळटीपेंत येते, ही रीत आपल्याला अपरिचित नाहीं.

सुदैवानें मोरोयोबाईंनीं स्वतःची अशी एक साक्षही ठेविली आहे. १९३७ सालीं रसिकमंडळांतील लेखकांनीं एक मजेदार व्यवस्था निर्माण केली होती. प्रत्येक सभासदानें आपली पत्रिका आपण छापावयाची, सर्व सभासदांना पुरतील इतक्या प्रती एका ठिकाणीं पाठवावयाच्या, आणि तेथून त्यांचें गाठोडें बांधून ठराविक मुदतीनें प्रत्येकाला जावयाचें. संपादक कोणी नाहीं, नापसंती कोणाची नाहीं. आपलें पान आपल्या मालकीचें. या व्यवस्थेंत मोरोयोबाईंची स्वतंत्र पत्रिका होती, आणि तिचें नांव 'गुतेतो'. एस्परान्तोंत 'गुतो' म्हणजे थेंब, आणि 'गुतेतो' म्हणजे लहानसा थेंब. दुसऱ्याबरोबर जी पत्रिका काढली तिला राष्ट्राचें नांव, आणि एकटीनें जी काढली तिला थेंबाचें! यांत विनय किती आणि विनोद किती हें ज्यानें त्यानें ठरवावें. इतिहासलेखकाच्या दृष्टीनें मात्र हा थेंब मोलाचा आहे, कारण त्यांत दुसऱ्या कोणाची आठवण मिसळलेली नाहीं.

अशा पत्रिका टिकणें हीच मुळांत कठीण गोष्ट. स्वस्त कागद पिवळा पडून कोपऱ्यांशीं तुटूं लागतो. मालक वारला म्हणजे वारसांना ती रद्दी वाटते. पण रसिकमंडळींतल्याच कांहीं संग्राहकांनीं खोकींच्या खोकीं जपलीं, आणि आज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील व आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयांत अशा हजारों पत्रिका अभ्यासकांसाठीं ठेविलेल्या आहेत. ज्या काळीं विद्वानांनीं या कथांकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं, त्या काळाचीं साधनें शेवटीं या वेड्यांनींच सांभाळलीं.

उशिरां कां होईना, सन्मानही आला. गर्न्सबॅक यांच्या नांवानें दिलीं जाणारीं ह्यूगो पारितोषिकें १९५३ सालीं सुरू झालीं; त्यापूर्वीं निघालेल्या साहित्यासाठीं मागाहून पारितोषिकें देण्याची एक रीत पुढें पडली. तिच्याप्रमाणें २०१४ सालीं 'इमॅजिनेशन!' या पत्रिकेची निवड झाली. त्या वर्षीं मोरोयोबाईंना जाऊन ५० वर्षें होत होतीं. २०२० सालीं 'व्हॉइस ऑफ दि इमॅजि-नेशन'लाही असा मान मिळाला, आणि संपादकांच्या जागीं ॲकरमन यांच्या शेजारीं मर्टल डग्लस हें नांव लिहिलें गेलें. मेलेल्या माणसाला पारितोषिकाचा काय उपयोग, असें कोणी म्हणेल. त्याचा उपयोग जिवंतांना आहे. आपल्या घराचा पाया कोणीं घातला हें विसरलेल्या माणसांना आपण कोणाचे वारस आहों हेंही नीट सांगतां येत नाहीं.

मग स्नेह्याच्या साक्षीचें मोल काय ठरलें? प्रस्तुत लेखकाच्या मतें तें असें. ती साक्ष पुरी नसते, पण पहिली असते. तिनें दार उघडतें. आंत जाऊन पाहण्याचें काम पुढच्यांचें असतें. ॲकरमन यांनीं 'हे पोषाख तिनें शिवले' असें सांगून ठेविलें म्हणून नंतरच्या अभ्यासकांना मोरोयोबाईंचें नांव कोठें शोधावें तें कळलें. त्यांनीं मग जुनीं खोकीं उघडलीं, पानें चाळलीं, आणि ती केवळ शिवणारी नव्हती, संपादिका होती, लेखिका होती, भाषाभ्यासी होती, हें दाखवून दिलें. स्नेही आणि इतिहासकार यांनीं एकमेकांचें काम असें पुरें करावयाचें असतें. एकानें आठवावें, दुसऱ्यानें पडताळावें.

आपल्याही भोंवतालीं अशीं माणसें असतात. वाचनालयाच्या नोंदवह्या वर्षानुवर्षें लिहिणारे, व्याख्यानमालेचीं निमंत्रणें दारोदार पोंचविणारे, मंडळाच्या नाटकाचे कपडे रात्रीं जागून दुरुस्त करणारे. संस्थेच्या अहवालांत त्यांचे आभार 'इतर अनेकांनीं साहाय्य केलें' या एका वाक्यांत मानले जातात. त्यांपैकीं कोणी गेलें तर चार दिवस हळहळून थांबूं नये. कोणत्या सालीं त्यांनीं काय केलें, कोणती वस्तू त्यांच्या हातची, कोणतें पान त्यांनीं लिहिलें, एवढें तरी नांवानिशीं कागदावर उतरवून ठेवावें, आणि तो कागद जेथें टिकेल अशा ठिकाणीं द्यावा. तेवढी नोंद असली म्हणजे 'इतर अनेक' या शब्दांतून एक नांव बाहेर काढण्यास पुढच्या पिढीला पन्नास वर्षें लागणार नाहींत.